गोळीला पाठ कुठे आहे ते ठाऊक नसतं

पाठीत उसण भरली की माणसाचं जग फार लहान होतं. कूस कशी बदलायची, उठून कसं बसायचं, शिंक आली तर काय करायचं, एवढ्याच प्रश्नांचं. अशा वेळी गोळीच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद कुणी उलगडत नाही, आणि उलगडला तरी त्यातलं काही मनात उतरत नाही. गुंगी, तोंडाला कोरड, चक्कर, मळमळ. सगळ्या औषधांची यादी सारखीच वाटते. कळ थांबावी एवढंच हवं असतं. ती थांबते, निदान मंदावते. मग पुढच्या काही आठवड्यांत आपल्यात जे बारीकसारीक बदल होतात, त्यांचा त्या कागदाशी संबंध लावायला कुणी बसत नाही.

अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, तर औषध बाधलं हे लगेच कळतं. असे परिणाम भयंकर असले तरी सरळ असतात. मला काळजी वाटते ती दुसऱ्या प्रकाराची. स्नायू सैल करणारी आणि दुखणं दाबणारी औषधं पुष्कळदा आपल्याच स्वभावाचं, आपल्याच वयाचं रूप घेऊन येतात. माणूस सुस्तावला, तर आळशी झाला. विसरू लागला, तर वय झालं. पाय सुजले, तर फार वेळ उभं राहिल्यामुळे. रात्री विचित्र स्वप्नं पडली, तर डोक्याला ताप फार. प्रत्येक बदलाला घरात एक तयार कारण असतं. गोळीचं नाव सगळ्यात शेवटी निघतं, कधी निघतही नाही.

याचं मूळ एका गैरसमजात आहे, असं मला वाटतं. ‘पाठीची गोळी’ पाठीत जाऊन काम करते, असं आपण धरून चालतो. खरं तर मसल रिलॅक्संट म्हणून दिल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्या स्नायूला हातही लावत नाहीत. त्या काम करतात मेंदूत आणि मज्जारज्जूत. थेट स्नायूच्या पेशीत जाऊन आकुंचन थांबवणारं डँट्रोलीन हे औषध अपवाद म्हणावं असं, आणि साध्या पाठदुखीला ते कुणी देत नाही. बाकीची मंडळी वरून येणारे हुकूमच मंद करतात. एका खोलीतला दिवा डोळ्यांवर येतो म्हणून अख्ख्या घराची वीज कमी करावी, तसं ते आहे. मग झापड येणं, तोल जाणं, बोलणं जड होणं यात नवल काही उरत नाही. ते औषधाचं कामच आहे, फक्त आपल्याला नको त्या ठिकाणी झालेलं.

सायक्लोबेन्झाप्रीन या गोळीचंच बघा. तिचा रेणू आणि अमिट्रिप्टिलीन या नैराश्यावरच्या जुन्या औषधाचा रेणू यांत फक्त एका दुहेरी बंधाचा फरक आहे. त्यामुळे अमिट्रिप्टिलीनमुळे जे होतं, तेच हिच्यामुळेही होतं. जीभ टाळूला चिकटावी इतकी कोरड, बद्धकोष्ठ, अंधुक दिसणं, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडणं. पाठ दुखते म्हणून घेतलेल्या गोळीने लघवी अडेल, हे कुणाच्या मनात येणार? शिवाय रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी १८ तास लागतात, वयस्कर माणसांत त्याहूनही जास्त. रात्री घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी चालवतानाही अंगात असते. ‘रात्रीची गोळी’ या शब्दांवर विसंबून सकाळी चाक हातात घेणाऱ्याला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

काही परिणाम निरुपद्रवी असतात, पण आधी माहीत नसले तर घाबरवून सोडतात. मेथोकार्बामॉलने लघवी तपकिरी, काळपट किंवा हिरवट होऊ शकते. क्लोरझॉक्झाझोनने ती नारिंगी किंवा जांभळट लाल होते. आधी एक वाक्य सांगितलं असतं, तर माणसाची एक रात्र वाचली असती. क्लोरझॉक्झाझोनच्या बाबतीत मात्र काळजीची गोष्ट वेगळीच आहे. क्वचित, पण गंभीरपणे ते यकृताला इजा करतं. तेव्हा डोळे पिवळे दिसले, तर तिथे धीर धरण्यात अर्थ नाही.

आता आईविषयी. तिची मान अवघडायची, खांद्यापासून वर स्नायू दगडासारखे व्हायचे, म्हणून तिला टिझॅनिडिन सुरू होतं. थोडी सुस्ती यायची, पण झोप चांगली लागायची आणि ती खूश होती. पुढे तिला लघवीच्या जंतुसंसर्गाने ताप आला. दुसऱ्या एका डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून दिलं. दोन्ही औषधं आपापल्या जागी योग्य, दोन्ही डॉक्टर आपापल्या कामात चोख. फक्त दोघांच्या चिठ्ठ्या एकमेकींना कधी भेटल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई मला म्हणाली, “अगं, त्या कोपऱ्यात बाई केव्हाची बसलीय. तिला पाणी दे ना.” कोपऱ्यात कुणी नव्हतं. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता, घाबरलेला नाही, बरळणारा नाही. मी म्हटलं, “आई, कुणी नाहीये गं तिथे.” तर थोडं थांबून म्हणाली, “मलाही कळतंय गं नाहीये ते. पण दिसतेय.” ते वाक्य मी विसरू शकत नाही. नाही हे कळणं आणि दिसणं, दोन्ही एकाच वेळी. रात्री ती बाथरूमला जायला उठली आणि खालीच बसली. बीपी मोजलं, तर वरचा आकडा नव्वदच्याही खाली होता.

घरात प्रत्येकाकडे स्पष्टीकरण होतं. ताप चढलाय. अशक्तपणा आहे. या वयात संसर्ग झाला की भ्रम होतो. हे शेवटचं तर खोटंही नाही. वृद्धांना संसर्गात खरंच असा भ्रम होतो. म्हणूनच गोळीचा संशय यायला जागा उरत नव्हती. दवाखान्यात रात्रपाळीला असलेल्या तरुण डॉक्टर बाईंनी एकच गोष्ट केली. म्हणाल्या, “त्या घेतायत त्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन या. सगळ्या म्हणजे सगळ्या.” त्यांनी त्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि त्यांतल्या दोन बाजूला काढल्या.

टिझॅनिडिन यकृतातल्या सीवायपी १ए२ नावाच्या एका एन्झाइमच्या हातून मोडलं जातं. सिप्रोफ्लॉक्सासिन नेमकं तेच एन्झाइम अडवतं. परिणामी टिझॅनिडिन रक्तात साचत जातं, आणि शरीराच्या वाट्याला येणारी त्याची मात्रा साधारण १० पट होते. फ्लुवोक्झामीन या नैराश्यावरच्या औषधाबरोबर तर ती ३३ पटीपर्यंत गेल्याची नोंद आहे. ही दोन्ही औषधं टिझॅनिडिनबरोबर द्यायचीच नाहीत, असा स्पष्ट इशारा आहे. टिझॅनिडिन हे क्लोनिडिन या रक्तदाबावरच्या औषधाचं भावंड म्हणावं असं, त्यामुळे बीपी पाडणं त्याच्या रक्तातच आहे. आणि भास? ते तर एकट्या टिझॅनिडिननेही होतात. उत्तर अमेरिकेतल्या सुरुवातीच्या चाचण्यांत १७० पैकी ५ जणांना नसलेल्या गोष्टी दिसल्या किंवा भ्रम झाला, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण पाहतोय ते खरं नाही याची जाणीव होती. आईचं “कळतंय गं” मला पुढे त्या कोरड्या नोंदीत जसंच्या तसं सापडलं. तेव्हा माझे डोळे भरून आले. तिला काहीही ‘झालं’ नव्हतं. तिची बुद्धी त्या रात्रीही शाबूत होती आणि आपल्या डोळ्यांवर पहारा देत होती.

अँटिबायोटिक बदललं, डॉक्टरांनी टिझॅनिडिनही टप्प्याटप्प्याने उतरवलं. टप्प्याटप्प्याने, कारण बरेच दिवस घेतलेलं हे औषध एकदम तोडलं तर बीपी उलट उसळी मारू शकतं. बॅक्लोफेनचं याहून कठीण. मुळात १९६२ मध्ये अपस्मारावर औषध म्हणून तयार केलेला हा रेणू त्या कामी फारसा चालला नाही, पण मज्जारज्जूच्या आजारात ताठरलेल्या स्नायूंना तो सैल करतो असं दिसलं आणि तिथे तो टिकला. तो अचानक बंद केला तर भास होतात, झटके येऊ शकतात. मूत्रपिंडं अधू असतील तर तो शरीरातच साचतो, आणि नेहमीच्या मात्रेतही माणूस ग्लानीत जाऊ शकतो. म्हणजे साइड इफेक्टच्या भीतीने स्वतःच्या मनाने गोळी थांबवणं हाही काही वेळा मोठा धोका असतो.

थायोकोल्चिकोसाइडची गोष्ट मला अस्वस्थ करते, कारण ते किती सहज लिहिलं जातं. हे औषध कळलावीच्या बियांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून बनतं. ज्वाळेसारख्या पाकळ्यांचं ते देखणं, विषारी फूल. त्याच कुळीचं कोल्चिसिन पेशींचं विभाजन बिघडवण्यासाठी प्रसिद्ध आहे. २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने थायोकोल्चिकोसाइडवर मर्यादा घातल्या. शरीरात त्याचं विघटन होताना तयार होणारा एक पदार्थ पेशी दुभंगताना गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो, असं आढळलं होतं. म्हणून तोंडावाटे ७ दिवसांहून जास्त नको, १६ वर्षांखालच्या मुलांना नको, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना नको. इथे तर बाहेर काहीच दिसत नाही. ना गुंगी, ना पुरळ. जे दिसत नाही त्याच्याबद्दल आधी विचारावंच लागतं.

वेदनाशामकांकडे वळलं की पहिला धडा पोटाचा. ॲस्पिरिन आणि त्याच्या भाऊबंदांचं काम कसं चालतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडलं, आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ही औषधं प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. दुखऱ्या जागी हीच द्रव्यं ठणका वाढवतात. पण जठराचं अस्तर तीच सांभाळतात, आणि अडचणीच्या वेळी मूत्रपिंडांचा रक्तपुरवठाही तीच चालू ठेवतात. गुडघा शांत करताना पोट आणि मूत्रपिंडं उघडी पडतात ती अशी. जठरात व्रण झाला तरी तो पुष्कळदा दुखत नाही. काळी शौच हीच पहिली खूण असते. बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि जोडीला रोजची वेदनाशामक, हे तिघं एकत्र आले की मूत्रपिंडं अचानक हात टेकू शकतात. पोटाला सांभाळणारी वेदनाशामकं शोधताना रोफेकॉक्सिब आलं आणि जगभर खपलं. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो हे स्पष्ट झाल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. पोट वाचवायला निघालेलं औषध हृदयावर उलटलं.

या सगळ्यांहून मला स्वतःला जास्त जवळून भेटलं ते प्रीगॅबालिन. कमरेतून निघून पोटरीपर्यंत जाणारी ती विजेसारखी चमक थांबावी म्हणून ते सुरू झालं. नसांच्या टोकांशी कॅल्शियमला आत येऊ देणाऱ्या द्वारांच्या एका भागाला ते चिकटतं, आणि नसांचा आरडाओरडा कमी करतं. माझा पाय थोडा शांत झाला. पण शब्द जाऊ लागले. मोठे, अवघड शब्द नव्हेत, रोजचे. वर्गात शिकवताना एकदा ‘उंबरठा’ हा शब्द येईना. दाराखालची ती आडवी पट्टी, जिच्यावर पाय देऊ नये म्हणतात ती, असं मी हातांनी दाखवत राहिले, आणि एका मुलीने हळूच तो शब्द मला दिला. मला उंबरठा दिसत होता, त्याचा स्पर्श आठवत होता, फक्त नाव नव्हतं. भाषेवर जगणाऱ्या माणसाला याहून मोठी भीती कोणती? घरी येऊन मी आजीचं शेवटचं विस्मरण आठवत बसले आणि स्वतःचं भविष्य तिथे पाहिलं.

लक्ष न लागणं, डोकं भरल्यासारखं वाटणं, वजन वाढणं, पाऊल सुजणं, तोल जाणं हे सगळं प्रीगॅबालिनच्या यादीत आहे. मात्रा कमी झाली, तसे माझे शब्द परतले. पण इथे मला स्वतःलाच एक प्रश्न विचारावा लागतो. ते औषधामुळेच होतं, की भीतीमुळे, की रात्र रात्र दुखण्याने मोडलेल्या झोपेमुळे? २००९ मध्ये अर्धशिशीवरच्या औषधांच्या चाचण्यांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात फक्त खोटी, बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांच्या तक्रारी पाहिल्या होत्या. अपस्माराच्या औषधाशी तुलना करणाऱ्या चाचणीत खोटी गोळी घेणाऱ्यांनी विस्मरणाच्या तक्रारी केल्या, आणि दाहशामक गोळीशी तुलना असलेल्या चाचणीत पोटाच्या. जे होईल म्हणून सांगितलं होतं, ते गोळीत काही नसतानाही झालं. हे वाचून माझी बाजू लटकी पडते असं मला वाटत नाही. मन आणि शरीर यांच्यामधली भिंत आपण समजतो तितकी जाड नाही, एवढंच त्यातून दिसतं. म्हणून मी माझ्या शब्दांबद्दल ‘बहुधा’ असं म्हणते. आईच्या भासांबद्दल मात्र मला ‘बहुधा’ची गरज वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत सायटिकाच्या, म्हणजे माझ्यासारखी कमरेतून पायात कळ जाणाऱ्या, रुग्णांत प्रीगॅबालिन आणि खोटी गोळी यांत पायाच्या दुखण्याच्या बाबतीत फरक पडला नाही. चक्कर वगैरे त्रास मात्र प्रीगॅबालिनच्या गटात जास्त होता. साध्या कंबरदुखीसाठीच्या स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा २०२१ मधला मोठा आढावाही असाच. पहिल्या दोन आठवड्यांत थोडासा उतार, तोही जाणवेल न जाणवेल इतका. कुणालाच उपयोग होत नाही असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण किती त्रास सोसायचा हे ठरवताना किती फायदा मिळणार आहे हेही समोर असायला हवं, आणि ते रुग्णासमोर क्वचितच ठेवलं जातं.

कार्बामाझेपीनचा परिणाम वाचला तेव्हा मी अवाक् झाले. चेहऱ्यात वीज चमकल्यासारख्या होणाऱ्या वेदनेवरचं हे पहिल्या पसंतीचं औषध. ते घेणाऱ्या काही जणांना स्वर खरे असतात त्यापेक्षा साधारण अर्ध्या स्वराने खाली ऐकू येतात. ज्यांना कोणताही स्वर ऐकताच नेमका ओळखता येतो, अशा वादकांनी हे प्रथम सांगितलं. औषध थांबलं की ऐकणं पूर्ववत होतं. बाकीच्या कितीतरी लोकांना हे होत असेल आणि कळतही नसेल. संगीत थोडं उदास वाटतंय, एवढंच त्यांच्या मनात येत असेल.

सगळ्यात क्रूर वाटतो तो परिणाम म्हणजे दुखणं थांबवणाऱ्या गोळीनेच दुखणं वाढणं. डोकेदुखीवर साधी वेदनाशामक महिन्यातून १५ किंवा त्याहून जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेत राहिलं, तर गोळीच डोकेदुखीला जन्म देते. ट्रिप्टान या अर्धशिशीवरच्या गोळ्या, अफूवर्गीय किंवा मिश्र गोळ्या यांच्या बाबतीत तर १० दिवस पुरेसे असतात. माणूस सकाळी डोकं धरून उठतो, गोळी घेतो, बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यानेच दुसऱ्या दिवसाची सकाळ ठरते. मॉर्फिनसारख्या औषधांनी काहींची संवेदनाच तीव्र होते. हलका स्पर्शही टोचतो. ही शंका नवी नाही. थॉमस क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरांनी १८७० मध्येच विचारलं होतं, की मॉर्फिनची इंजेक्शनं जे दुखणं शमवल्याचं दाखवतात, तेच वाढवत तर नाहीत ना.

मी औषधांच्या विरोधात नाही, हे इथे नीट सांगायला हवं. न शमलेलं दुखणंही माणसाला बदलतं, आणि जास्त वाईट बदलतं. टिझॅनिडिनने आईला कित्येक महिने शांत झोप दिली, ते मी विसरलेले नाही. माझी मागणी एवढीच आहे, की गोळी सुरू झाल्यानंतर माणसात जे बदललं त्याची तारीख घरात कुणाला तरी ठाऊक असावी. रुग्णाला स्वतःला ती कळेलच असं नाही, कारण ज्या मेंदूने हे टिपायचं, त्यावरच औषधाचा हात असतो. आमच्याकडे आईने आता एक कागद केला आहे. गोळीचं नाव, कशासाठी, कधी सुरू, कुणी दिली, आणि शेवटच्या रकान्यात ‘काय बदललं’. सगळ्यात वर तिने लाल शाईने स्वतः लिहिलंय: ‘टिझॅनिडिन आणि सिप्रो एकत्र नको. बाई दिसते.’ मागे दाढ काढायची होती, तेव्हा तिने तो कागद दातांच्या डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी बीपीची गोळी आणि लघवीची गोळी यांवर बोट फिरवलं, लिहायला घेतलेली वेदनाशामक खोडली आणि त्या जागी पॅरासिटामॉल लिहिलं. मग दिवसभरात किती गोळ्यांच्या वर जायचं नाही आणि सर्दीच्या कोणत्या गोळ्यांतही तेच असतं म्हणून त्या जोडीला घ्यायच्या नाहीत, हेही सांगितलं. आईने तिथेच पेन मागून घेतलं आणि ते नव्या ओळीत उतरवलं.